ज्याचा त्याचा घास

त्या रविवारी मी पोचले तेव्हा आई शेवग्याच्या फांदीवरून झुंबरमावशीशी भांडत होती. फांदी आईने कुठूनशी मागून आणून न्हाणीघराच्या मागे, सांडपाण्याच्या वाटेवर खोचली होती. मावशीचं म्हणणं, ती उलटी खोचली आहे.

“शेंडा खाली घातलाय हिनं,” मावशी मला साक्षीला धरून म्हणाली. “आता शेंगा जमिनीत लागत्याल. भुईमुगावानी.”

“लागूंदे. उपटायला तुलाच लावीन,” आई म्हणाली.

दोघींच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. वृद्धाश्रम मिरजगावच्या अलीकडे, हायवेपासून थोडा आत. बायकांची एक लांब खोली, पुरुषांची एक, आणि मध्ये पत्र्याचा हॉल. खाटा इतक्या जवळ की एकीने कूस बदलली तर दुसरीला कळावं. कोपऱ्यात माठ आणि माठावर एकच पेला. बेसिनजवळच्या खिळ्याला टॉवेल, तोही सगळ्यांत एकच. तेव्हा मला त्यात काही खटकत नव्हतं. लहानपणी आमच्या घरीही एकच टॉवेल असायचा.

आई तिथे स्वतःहून गेली होती. वडील गेल्यावर मी तिला नगरला माझ्या घरी नेलं, तर महिनाभरात म्हणाली, “तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मला कबुतरावानी बसायचं न्हाई. मला बोलायला मानसं लागत्यात.” तरुणपणी ती ऊसतोडीला जायची. कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीला कोपी लागून असलेल्या वस्तीत तिचे हंगाम गेलेले. आश्रमातला गलका तिला मानवला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दर रविवारी येताना एखादी कादंबरी घेऊन यायचे आणि तिला वाचून दाखवायचे. नायिका फार रडायला लागली की आई म्हणायची, “हिला कुनीतरी कामाला लावा.” मावशीला मात्र रडणाऱ्या नायिका आवडायच्या, आणि त्यावरूनही दोघींचं वाजायचं.

“शेंगा कधी येतील?” मी विचारलं.

“वरसाच्या आत. शेवगा उशीर करत न्हाई. हितल्या आमटीत शेंग नुसती दाखवायला असती. माझ्या झाडाच्या लागल्या की मी करीन आमटी, मग खा.” मग तिला चपला आठवल्या. “फुडल्या रविवारी चपला आन मला. मागनं पट्टा असलेल्या. सकाळचं हायवेपतुर फिरून येत जाईन म्हन्ते.”

पुस्तकाचं एक प्रकरण झालं तोवर फाटकाशी गाड्यांचे हॉर्न वाजले.

कल्याणशेठ कांद्याचे व्यापारी. वडिलांच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी आश्रमात अन्नदान करत. आश्रमात याला तिथी घेणं म्हणतात. कुणी वाढदिवसाला घेतं, कुणी श्राद्धाला, आणि त्या दिवसाचं जेवण त्यांच्याकडून असतं. जेवणाआधी एक कार्यक्रम होतो. सगळ्या म्हाताऱ्यांना हॉलमध्ये ओळीने बसवतात आणि तिथीवाले आपल्या हाताने एकेकाला घास भरवत जातात. वाटी एक आणि हातही एकच. या तोंडातून निघालेली बोटं पुढच्या तोंडात. मग पाया पडतात, मग फोटो काढतात.

आईला ते कधीच रुचलं नाही. पहिल्या वेळी तिने हात पुढे करून “माझ्या हातानं खाते” म्हटलं होतं. आश्रम चालवणाऱ्या काकासाहेबांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, आजी, पाहुण्यांचा मान ठेवा. तेव्हापासून ती मान ठेवत आली.

“आले फोटोवाले,” ती पदर सारखा करत म्हणाली. “जा तू, गाडी चुकंल. आमाला आता पाखराची पिल्लं व्हायचंय.” आणि मावशीकडे बघून तिने चोच उघडावी तसा मोठा आ केला. दोघी हसायला लागल्या. फांदीचं भांडण तेवढ्यात मिटलं.

मी फाटकातून बाहेर पडत होते तेव्हा गाड्या आत येत होत्या.

*

मंगळवारी सकाळी काकासाहेबांचा फोन आला. बायकांच्या खोलीत उलट्या-जुलाब सुरू झाले होते. मी पोचेपर्यंत ते पुरुषांच्या खोलीतही गेले होते. झाडणारी बाई एका खाटेखालची उलटी ओल्या झाडूने ओढत होती आणि तोच झाडू घेऊन दुसऱ्या खाटेखाली वाकत होती. दुपारनंतर तीही घरी निघून गेली. मग काकासाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सगळ्यांच्या घाण झालेल्या चादरी स्वतः धुतल्या, आईचीसुद्धा. ते मी विसरलेले नाही. पुढे जे सांगणार आहे ते सांगतानाही विसरलेले नाही.

आईला आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, मग नगरला हलवलं. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहायची. तिला वाटायचं सलाईन लावल्यामुळे हात कुणी बांधून ठेवलाय, आणि ती सारखी विचारायची, “मोकळा कधी करतेस?” हनुमंतबाबा म्हणून पुरुषांच्या खोलीत एक होते, ते शुक्रवारी गेले. आई शनिवारी गेली. चपला मी गुरुवारीच घेऊन ठेवल्या होत्या.

तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर निकिता आश्रमात आल्या. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी विहिरीचं आणि टाकीचं पाणी तपासायला पाठवलं. ते चांगलं निघालं. त्या रविवारी भरवलेला शिरा नासला होता का, म्हणून विचारलं, तर स्वयंपाकघरातल्या बायकांनी तोच शिरा आपापल्या ताटलीत घेऊन खाल्ला होता आणि त्या ठणठणीत होत्या.

“पाण्यातून आलं नाही, शिऱ्यातूनही नाही,” त्या काकासाहेबांना म्हणाल्या. “कुणाच्या तरी हातातून आलंय. आणि आत आल्यावर त्याला टॉवेल मिळाला, पेला मिळाला, झाडू मिळाला. त्याला आणखी काय लागतं?”

कुणाचा हात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला ते झुंबरमावशीने सांगितलं. मावशी त्यातून उठली होती, भिंतीला धरून चालत होती.

“शेठ माईकवर बोल्ला की. म्हनला, काल दिसभर पोट लई बिगडलं हुतं, संडासला येरझारा घालून घालून पाय गळाले. पन म्हनलं बापाची तिथी चुकवायची न्हाई. गोळी घेतली आन आलो. समद्यांनी टाळ्या वाजिवल्या, शीला. तुझ्या आईनं बी वाजिवल्या.”

दहाव्याला गावाकडचे लोक आले. सगळ्यांचं एकच बोलणं होतं. वय झालं होतं. फार अंथरूण धरलं नाही, सोनं झालं. सुटली बिचारी. मी प्रत्येकाला हात जोडले. सांत्वनाला आलेल्या माणसाशी वाद घालू नये, असं मला आईनेच शिकवलं होतं. त्यानंतरही कुणी विचारलं तर मी तारीख सांगायचे, दवाखान्याचं नाव सांगायचे, आणि समोरचा म्हणायचा, “वयच झालं होतं,” आणि मी गप्प बसायचे.

*

डॉक्टर निकितांनी सांगितलेलं काकासाहेबांनी सगळं केलं. फाटकाशी नळाची टाकी ठेवली, साबण ठेवला. अंगात ताप, खोकला किंवा पोटाची तक्रार असेल तर आत येऊ नये, अशी पाटी लावली. धान्याची खोली रिकामी करून आजारी पडणाऱ्यासाठी वेगळी खाट टाकली. उलटी पुसायची ती आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतून, आणि ते फडकं फेकून द्यायचं. प्रत्येकीला आपला पेला आणि आपला टॉवेल. तिथ्या बंद.

हे काही आठवडे चाललं. मग पहिली तिथी आली, एका लग्नाच्या वाढदिवसाची, आणि त्या जोडप्याला घास भरवायचा होता. मग दुसरी आली. धान्याच्या खोलीत पुन्हा पोती लागली. मी फोन करत राहिले, जाऊन भेटत राहिले, साबणाच्या वड्या नेऊन देत राहिले. काकासाहेब प्रत्येक वेळी चहा पाजायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, “बघू ताई, हळूहळू करू.”

आणि एके दिवशी झुंबरमावशीचा फोन आला.

“शीला, तुझी आई फाटकाला टांगलीय.”

मला काही कळेना.

“फ्लेक्स लावलाय. शेठची तिथी हाय ना उद्या. तुझ्या आईला भरवतानाचा फोटू हाय, हा एवढा मोठा. मी म्हनलं, तू वाटनं येताना एकदम बघशील आन पडशील. म्हून आधी सांगितलं.”

सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले. मावशीने सांगितलं होतं तरी फाटकाशी पाय थांबले. फ्लेक्सवर वर कल्याणशेठचे वडील, हार घातलेले. एका बाजूला कल्याणशेठ हात जोडून. आणि खाली, सगळ्यांत मोठा, तो फोटो. आईचं तोंड उघडं, शेठची बोटं तिच्या ओठांशी, बोटांत शिरा. आई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी बघत होती, जिथे मावशी बसलेली असणार, आणि तिला हसू दाबावं लागत होतं. ती पाखराचं पिल्लू झाली होती. आईचा याच्या नंतरचा फोटो नाही.

पाटी होती तिच्यावरूनच फ्लेक्सची दोरी ताणलेली. टाकी होती, आत पाणी नव्हतं. साबणाची वडी उन्हाने तडकून तिच्या भेगांत माती बसली होती.

फ्लेक्स फाडावा असं मनात आलं. पण त्यावर आई होती.

स्वयंपाकघरातून बादली आणि मग्गा आणला, हापशाचं पाणी भरलं, पिशवीतली नवी वडी काढली आणि फाटकात उभी राहिले. काकासाहेब हॉलमध्ये खुर्च्या लावत होते. मला बघून ते लगबगीने आले.

“ताई, आज नको,” ते म्हणाले.

“मी काही बोललेही नाही अजून.”

“बादली बोलतीय की.” ते हसले, मग गंभीर झाले. “आपण तुमच्या आईची तिथी करू ना वेगळी. त्या दिवशी तुमच्या मनासारखं. कुणी कुणाला बोट लावणार नाही. शब्द देतो.”

“आजार माझी तिथी बघून येणार आहे का, काकासाहेब?”

“अहो, तुम्ही शिकलेली माणसं. थोडं समजून घ्या. घास भरवायचा नाही म्हटल्यावर इतक्या लांब येणार कोण? नुसतं जेवण पाठवायचं तर लोक गावातच देतील. माणसाला आपल्या हातानं काहीतरी केल्यासारखं वाटावं लागतं. हे यायचे थांबले तर मी या सगळ्यांच्या ताटात काय घालू?”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच वर्षभर मी चहा पिऊन परत जात होते.

“जेवण येऊ द्या,” मी म्हटलं. “वाढू द्या त्यांना, शेजारी बसून जेवू द्या, गप्पा मारू द्या. फक्त येताना साबणाने हात धुवावेत, बरं नसेल त्याने घरी थांबावं, आणि ज्याचा घास त्याने खावा. यात कुणाचा अपमान आहे?”

“अपमान नाही. पण तोंडावर सांगायचं कुणी?”

“मी सांगते.”

“ताई.” त्यांनी आवाज खाली आणला. “शेठची बहीण येतीय शिर्डीवरून. परवापासून अंगात कणकण आहे म्हणाले. पण बापासाठी येतीय. तिला मी फाटकात अडवू?”

गेल्या वर्षीचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं परत आलं होतं, आणि ते उच्चारणाऱ्याला ऐकू आलं नव्हतं.

“काकासाहेब, गेल्या वर्षी काय झालं ते शेठना कुणी सांगितलंय का?”

ते टाकीकडे बघत राहिले. “कशाला सांगायचं? भला माणूस आहे. त्यांना वाटतं तुमची आई वयानं गेली. तो फोटो त्यांनी चांगला आला म्हणून निवडला. त्यांना काय ठाऊक?”

“मग तुम्ही त्यांना इकडून आणा. मी इथेच उभी आहे.”

ते आत गेले.

मी उभी राहिले. पलीकडे उसाची ट्रॉली गाणी लावून गेली. न्हाणीघरामागे शेवगा दिसत होता. तो पत्र्याच्या वर गेला होता आणि वाऱ्यात शेंगा हलत होत्या. फांदी सुलटीच खोचलेली होती. हायवेवरून गाड्या वळल्या, धुरळा उडाला, मी मग्ग्यात पाणी घेतलं. धुरळा फाटकाकडे आला नाही. तो कुंपणाच्या कडेने, मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला. थोड्या वेळाने हॉलमधून आवाज आला, “हॅलो, हॅलो, माईक चेक.”

काकासाहेबांनी त्यांना मागून आत घेतलं होतं.

मी बादली उचलली आणि आत गेले. पाणी सांडून साडीचा काठ भिजला, तेवढं आठवतं.

*

हॉलमध्ये सगळे ओळीने बसले होते. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. कल्याणशेठ शिऱ्याची वाटी घेऊन उभे होते. त्यांच्या मागे बहीण, मुक्ताबाई, एवढ्या उन्हात गळ्याभोवती शाल गुंडाळून. मी दारात पोचले तेव्हा तिला खोकला आला. तिने तोंडाशी हात धरला, मग तोच हात पदराला पुसला आणि वाटीतला शिरा घ्यायला पुढे केला. झुंबरमावशी ओळीत पहिली होती. त्या आजारापासून तिला धाप लागते. जिना तर सोडाच, हॉलच्या दोन पायऱ्या चढून ती दारात उभी राहते.

कल्याणशेठनी घास उचलला. “आजी, आ करा.”

मावशीने तोंड मिटून घेतलं.

“आजी, शिरा आहे. साजूक तुपातला.”

मावशीने पदर तोंडाशी धरला.

काकासाहेब पुढे झाले. “झुंबरबाई, दात दुखतोय का?”

“दात हायेत कुटं दुखायला,” मावशी पदराआडून म्हणाली. “ताटलीत वाढा. खाते मी.”

“पाहुण्यांचा मान ठेवायचा ना.”

“मान हाय की. मी कुटं उटून चाल्ले? ताटलीत वाढा म्हन्ते. हात हाय मला. लई वर्सं झाली त्याला खाता येतंय.”

कुणीतरी हसलं. शेजारी बनुबाई होत्या. त्यांना ऐकू येत नाही आणि त्या सगळं मावशीचं बघून करतात. त्यांनीही पदर वर घेतला. शेठ तिसरीकडे वळले, तर तिने आधीच पदर घेतला होता. मग ओळीत एकापुढे एक पदर वर जात राहिले. पलीकडे पुरुषांना ते दिसलं. एकाने उपरण्याचा सोगा तोंडाशी नेला, एकाने टोपी काढून धरली. ज्ञानेश्वरगुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांनी तळहात ठेवला. त्यांनी आपसांत आधी ठरवलं होतं का, हे मी मावशीला नंतर विचारलं. ती म्हणाली, “ठरवायचं काय त्यात? फाटकाला तुझी आई समद्यांनी बघितली हुती.”

फोटो काढणारा माणूस मोबाईल खाली घेऊन उभा राहिला.

कल्याणशेठ मधोमध थांबले. घास अजून बोटांतच होता आणि तूप मनगटावर ओघळत होतं. मोठ्या अंगाचा तो माणूस एकदम वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा दिसला.

“माझं काय चुकलं का?” त्यांनी काकासाहेबांना विचारलं. “न्हाई, चुकलं आसंल तर सांगा. मी मिरवायला येत न्हाई हितं. माझा बाप कोरोनात गेला. काचंच्या पलीकडं हुता. पानी पानी करत हुता आन मला आत सोडलं न्हाई कुनी. त्याच्या तोंडात थेंब घालता आला न्हाई मला. म्हून येतो मी. एकेक घास भरवला की वाटतं, त्याला पोचला.”

मुक्ताबाई शालीत तोंड घालून रडायला लागली आणि रडता रडता पुन्हा खोकली. मावशीचा पदर खाली आला नाही, पण तिचे डोळे भरले होते. मला तो माणूस तिरस्कार करण्याजोगा असता तर बरं झालं असतं.

“तुमचं काही चुकलं नाही शेठ,” काकासाहेब घाईने म्हणाले. “ह्या ताईंचं मन जरा हळवं झालंय. मागच्या वर्षी यांच्या आई गेल्या, तुमच्या फोटोत आहेत त्या. वय झालं होतं त्यांचं. त्यामुळं आज जरा...”

“काकासाहेब,” मी म्हटलं.

ते थांबले. सगळे वळून बघायला लागले. बादली अजून माझ्या हातात होती. ती मी शेठच्या पायांपाशी खाली ठेवली आणि साबणाची वडी बादलीच्या काठावर ठेवली. मला वाटलं होतं आवाज चढेल किंवा फुटेल. तसं काही झालं नाही. रविवारी पुस्तक वाचताना लागायचा, तोच आवाज लागला.

“माझी आई वय झालं म्हणून गेली नाही. कल्याणशेठ, गेल्या वर्षी आदल्या दिवशी तुमचं पोट बिघडलं होतं. गोळी घेऊन तुम्ही आलात, तुमच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि या हाताने तुम्ही या ओळीत घास भरवत गेलात. त्या घासाने ती गेली. हनुमंतबाबाही गेले. तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही कुणी सांगितलं नाही. आता ठाऊक झालं. तुमचे वडील ज्याने गेले तोही आजार असाच एकाकडून दुसऱ्याकडे जात होता, म्हणून तुम्हाला काचेबाहेर ठेवलं. इथे काच नाही. इथे साबण आहे, पाणी आहे आणि ताटल्या आहेत. तुमच्या बहिणीला घरी न्या, त्यांच्या अंगात ताप आहे. तुम्ही हात धुवा आणि वाढायला बसा, हे सगळे तुमच्या बरोबर जेवतील.”

मावशीने माझ्याकडे बघून मान हलवली, पुढे बोल म्हणून.

“आई सुटली असं मला वर्षभर सगळे सांगतायत. तिने मला चपला आणायला सांगितल्या होत्या. तो मागचा शेवगा तिने लावलाय, आणि शेंगा लागल्या की ती आमटी करणार होती. ती सुटली नाही. तिला जगायचं होतं.”